माळशेज एंडकडून पाऊस

माझा नवरा बोलायचं काम करतो. बोलत सगळेच असतात, पण ह्याला लोक बोलायला बोलावतात. भात घरात आलं की आटगावपासून मुरबाडपर्यंत रिकाम्या खाचरांत टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात आणि मांडवात माईक धरून ज्ञानेश्वर बसतो. ‘चेंडू उंच हवेत, खाली क्षेत्ररक्षक, बघूया काय होतं, आणि सुटला! झेल सुटला, गावाची इज्जत सुटली!’ असं दिवसभर ओरडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन गरम पाणी प्यायचं. घरातही तेच. तव्यावर भाकरी करपली की, ‘आणि ही भाकरी बाद!’ एकदा मी वैतागून त्याच्या अंगावर उलथणं फेकलं, तर त्यानं ते एका हातात झेललं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथे करत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढा हक्क मी कमावलाय.

मी सरिता. आटगाव स्टेशनच्या बाहेर माझी पांढरी ईको उभी असते. शहापूर, किन्हवली, कधी सरळगावपर्यंत भाडी मारते. सकाळ-संध्याकाळ गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि दुपारी मी माश्या मारत बसते.

आमच्या शेजारचा ओमकार ह्याच मॅचेस यूट्यूबवर लाईव्ह दाखवतो. कॅमेरा, स्टँड, दोन सिमकार्डांचा डबा, सगळं त्याचं स्वतःचं. पावसाळा आला की त्याचंही दुकान बंद. तर दसऱ्याच्या आसपास तो माझ्या गाडीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “काकी, अमेरिकेत माणसं वादळाच्या मागं गाडी पळवतात नि लाईव्ह दाखवतात. लाखांनी लोकं बघतात. आपल्याकडं परतीचा पाऊस काय कमी गडगडतो?”

खोटं नव्हतं. परतीच्या पावसाचा थाट वेगळाच. सकाळपासून ऊन चरचरतं, आणि दुपारी घाटामागून ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत वर येतात. मग विजा, वारा, आणि धो धो. एका गावात पूर, शेजारच्या गावात धूळ. अशा ढगाच्या मागे गाडी घालायची, ओमकारनं कॅमेरा धरायचा, ज्ञानेश्वरनं बोलायचं आणि मी चालवायचं, असं ठरलं. नवऱ्याला सांगायची खोटी, त्यानं आधीच घसा खाकरला होता.

पहिले काही दिवस मजेत गेले. बघणारे बहुतेक शहरातले. त्यांच्या कमेंट एकच, अजून जवळ जा, वीज दाखवा. ज्याच्यापासून आम्ही गुरंवासरं घेऊन पळतो, ते बघायला ह्यांना गंमत वाटते, ह्याचा मला रागच यायचा. पण मग हळूहळू आपली माणसं दिसायला लागली. ‘किन्हवलीला येतंय का?’ ‘डोळखांबला भात कापून पडलंय, सांगा ना भाऊ.’ मोबाइलवरचा अंदाज सांगतो की ठाणे जिल्ह्यात पाऊस. जिल्हा केवढा मोठा! शेतकऱ्याला आपलं खाचर भिजणार की नाही ते हवं असतं. आणि आम्ही ढगासमोर उभे असायचो. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आहे. नुसता तमाशा नाही.

आणि तिथंच माझ्या नवऱ्यानं माती खाल्ली.

त्याचं काय आहे, माझं सासर आटगावचं आणि माहेर मुरबाडकडचं. सरळगाव आणि टोकावडे ह्यांच्या मधे, हमरस्ता सोडून आत, वांजळेपाडा. आटगावात ‘वर’ म्हणजे कसारा. रूळ तिकडे चढत जातात, म्हणून ते वर. वांजळेपाड्यात ‘वर’ म्हणजे माळशेज घाट. ‘खाली’ मात्र दोन्हीकडे कल्याणच. लग्नानंतर आमचं पहिलं भांडण ह्या ‘वर’वरूनच झालं होतं. मी म्हटलं, वरचे पाहुणे आलेत, तर हा कसाऱ्याच्या पाहुण्यांची वाट बघत स्टेशनवर बसला आणि माझी माळशेजकडची मामी इकडे उपाशी. तेव्हा हसून सोडलं.

त्या दिवशी आम्ही म्हसा गावाजवळ होतो. ढग तिथून हलला आणि कसाऱ्याच्या दिशेनं निघाला. माझा नवरा माईकवर गरजला, “पाऊस वर सरकतोय! खालच्यांनी निवांत राहा!” मी गाडी वळवण्यात होते, माझ्या कानावरून गेलं. माझ्या माहेरच्यांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, पाऊस वर चालला, म्हणजे घाटात परत चालला. सगळी जेवायला बसली. म्हसा आणि कसारा ह्यांच्या मधे कोण येतं? वांजळेपाडा येतो. हात धुवायच्या आत पाऊस डोक्यावर.

सगळ्यात जास्त भिजली माझी बहीण. नाव लहानी, पण आहे माझ्यापेक्षा थोरली. तिचा नवरा मुरबाडला कारखान्यात जातो, शेती तीच बघते. घरात खायचं सगळं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तिनं कापून खाचरात पसरलं होतं. ते पाण्यावर तरंगलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत लोंब्यांना कोंब आले. भिजलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. ती ओरडली नाही. म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला सांग, तोंड उघडायच्या आधी आपण कुठं उभं हाय ते बघत जा.” आणि फोन ठेवला. दिवाळीत मी फराळाचा डबा पाठवला, तो तिनं तिची मुलगी दिशा हिच्या हातून जसाच्या तसा परत धाडला. करंजी एक कमी नव्हती. मी त्या डब्यापाशी बसून रडले, मग रागानं सगळे चकलीचे तुकडे नवऱ्याला खायला लावले.

ज्ञानेश्वरलाही लागलं होतं. बाजारात पोरं त्याला विचारायची, “काका, वर म्हंजे कुठं ओ?” तो हसायचा, पण लाईव्हवर अडखळायला लागला. ढग कुठल्या बाजूला चाललाय ते सांगायच्या वेळी गप्प. ओमकारला वाटायचं नेटवर्क गेलं.

दिवाळी झाली. एका दुपारी मी गाडीत बसून फोन बघत होते, तर दिशाच्या स्टेटसवर फोटो. लहानीताईचं गरवं, उशिरा पिकणारं भात कापून झालेलं. खाचरभर लाल कुसळांचे आवे, कापलेल्या भाताच्या मुठी, पसरलेले. मी फोटो मोठा करून बघितला. ते साधं भात नाही. आमच्या आईचं बियाणं आहे ते. आई गेली तेव्हा ताईनं दागिना मागितला नाही, बियाण्याचा कणगा मागितला. दर वर्षी एकाच तुकड्यात पेरते, त्यातलं निवडून पुढच्या वर्षी ठेवते. दुकानात ते मिळत नाही, दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. ते भिजून कोंबारलं तर संपलं. पुन्हा आणणार कुठून?

आणि मी मान वर केली तर घाटामागून ढग फुगत होता.

“ओमकार!” मी हाक मारली. “बस गाडीत. काकालाबी घे.”

शहापूर, किन्हवली, सरळगाव, कुठेही थांबले नाही. वाटेत दोन ओळखीच्या बायांनी हात केला, त्यांनाही सोडून पुढे आले. त्या अजून मला नावं ठेवतात. सरळगावाहून टोकावड्याच्या रस्त्याला लागलो. वांजळेपाड्याचा फाटा आला तसा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“आत जाऊ,” मी म्हटलं. “तिघं मिळून उचलू ताईचं भात.”

ज्ञानेश्वर म्हणाला, “सरे, तिघं काय उचलणार? नि तुझी बहीण आपल्याला खाचरात पाय तरी ठेवू देईल का? पाड्याच्या मागं टेकाड हाय. आतून घाट दिसत नाय. आलं का नाय आलं, कोणाला कळणार? आपण पुढं जाऊन बघू नि सांगू. सगळा पाडा उचलेल.”

नवरा बरोबर बोलला की मला जास्त राग येतो. मी गिअर टाकला आणि टेकाड ओलांडून टोकावड्याच्या अलीकडच्या चढावर गाडी उभी केली. इथून घाटाची सगळी भिंत दिसते. नाणेघाटाचा नानाचा अंगठा नावाचा सुळका आभाळात वर केलेला, आणि त्याच्यामागे ढग, खालून निळाशार, वरून चुन्यासारखा पांढरा. त्याच्या पोटात वीज लुकलुकत होती. आवाज अजून येत नव्हता.

ओमकारनं लाईव्ह सुरू केलं. बघता बघता माणसं जमली. ‘वीज! वीज!’ ‘भाऊ घाटात जा.’ ओमकारचे डोळे चमकले. “काकी, घाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत जाऊ या. तिथं विजेच्या खालीच जाता येईल.”

“स्टेअरिंग माझ्या हातात हाय,” मी म्हटलं. “ती वीज पाहिजे तर उतर नि चालत जा.”

तो बसून राहिला. पोरगा समजूतदार आहे.

ढग हलला. अंगठ्याचं टोक झाकलं गेलं. गार वाऱ्याची पहिली झुळूक काचेतून आत आली, तिला ओल्या मातीचा वास होता. म्हणजे घाटाखाली पडायला लागला होता. मी नवऱ्याकडे बघितलं. माईक तोंडाशी, तोंड उघडं आणि शब्द नाही. ज्या माणसाला मी झोपेतसुद्धा गप्प बघितलं नव्हतं, तो घामानं भिजला होता.

“बोला की!”

“काय बोलू? वर बोलू का खाली बोलू? परत कोणाचं तरी वाटोळं व्हायचं.”

मला दया आली आणि त्याहून जास्त चीड आली. “अवो, मॅचला काय वर-खाली बोलता का तुमी? तिथं बोलता ना, शाळा एंडकडून गोलंदाजी, देऊळ एंडकडून गोलंदाजी. कोण चुकतो का? मंग इथं काय झालं? एका बाजूला माळशेज, एका बाजूला कल्याण. बोला!”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. मग पाठ सरळ केली. मॅचच्या पहिल्या चेंडूआधी करतो तशी.

“नमस्कार मंडळी! गोलंदाजी माळशेज एंडकडून! पाऊस वैशाखऱ्यात दाखल झालाय. मी टोकावड्याच्या अलीकडे उभा हाय. पाऊस माळशेजकडून कल्याणकडे, सरळ रेषेत. पुढचं गाव टोकावडे. त्याच्या पुढं वांजळेपाडा. त्याच्या पुढं सरळगाव. कापलेलं भात ज्याचं ज्याचं पडलंय त्यानं उचलायला लागा!”

कमेंटचा पूर आला. टोकावड्याची पोरं, ‘उचलतो भाऊ.’ मग एक कमेंट आली. दिशाची होती. ‘मावशी, इथं कडक ऊन हाय. आई उचलत नाय. बोलते, ह्या माणसाचं ऐकून एकदा भिजले.’

आता ताई हट्टी आहे हे खरं, पण तिचं म्हणणंही वेडेपणाचं नव्हतं. ताजं कापलेलं भात ऊन न दाखवता बांधून रचलं तर आतून तापतं, दाणा काळा पडतो, बियाण्याला तर अजिबात चालत नाही. पाऊस आला नाही तर बांधूनच नासाडी. आणि तिच्यावर ऊन होतं. ऊन डोक्यावर असताना कोण माणूस एका बडबड्याच्या शब्दावर भारे बांधेल?

मी नवऱ्याच्या हातातला माईक ओढून घेतला. मला माईकवर बोलता येत नाही. कधी बोललेही नव्हते.

“ताई, मी सरिता. फोन तू उचलत नायस, म्हणून इथून बोलते. सगळं जग ऐकतंय, ऐकू दे. तुला घाट दिसत नाय, मधी टेकाड हाय. मी टेकाडाच्या ह्या अंगाला उभी हाय, मला दिसतो. मघाशी नानाचा अंगठा दिसत होता, आता नाय दिसत. वैशाखरं दिसत होतं, आता नाय दिसत. तुझ्यावर ऊन हाय, ठाऊक हाय मला. त्या उन्हावर जाऊ नको. ते आईचं बियाणं हाय गो. तुझं एकटीचं नाय ते, माझंबी हाय. माझा राग संध्याकाळी काढ, पायजे तर मार मला. आता उचल.”

माईक नवऱ्याकडे टाकला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. ओमकार हळूच म्हणाला, “काकी, आपलं बोलणं तिकडं अर्ध्या मिनिटानं पोचतं. लाईव्ह म्हंजे एकदम लाईव्ह नसतं. थोडं थांबा.”

थांबले. कमेंट पळत होत्या, पण दिशाची येत नव्हती. एक शहरी बाई लिहीत होती, ‘ताईंनी उचललं का?’ दुसरा कोणी, ‘वीज सोडा, ताईंचं सांगा.’ समोर टोकावड्याच्या पलीकडची झाडं पांढरी झाली. पहिला गडगडाट आला, गाडीचा पत्रा थरथरला.

मग दिशा दिसली. ‘आई गेली खाचरात.’

आणि लगेच पाठोपाठ, ‘मारुतीच्या देवळातल्या माईकला फोन लावलाय. सगळ्या शेतात ऐकू जातंय. काका जोरात बोला.’

माझ्या नवऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो पुढे सरकला, एक पाय डॅशबोर्डवर ठेवला आणि सुटला.

“वांजळेपाडा! आवाज येतोय का? आज सामना हाय पाऊस विरुद्ध वांजळेपाडा! पाऊस टोकावड्याच्या शाळेवर पोचलाय, दमदार रनअप! तुमच्या हातात अजून वेळ हाय, पण चहा प्यायला वेळ नाय! बाया-बापे, म्हातारी-कोतारी, सगळे मैदानात! दिशा, तू फोन सोडू नको. कोणाचं उचललं ते लिहीत जा. मी स्कोअर सांगतो!”

आणि खरंच स्कोअर यायला लागला. दिशा देवळाच्या ओट्यावरून बघून लिहायची, हा इकडे मोठ्यानं वाचायचा, अर्ध्या मिनिटानं ते तिकडे भोंग्यातून त्यांच्याच डोक्यावर पडायचं. ‘बारकूकाकाचं झालं.’ “बारकूचं खाचर रिकामं! पाऊस विकेटच्या शोधात, पण बारकूनं बॅट उचलून घरी नेली!” ‘देवळामागचं सगळं झालं.’ “देवळामागचा डाव घोषित!” ‘गोजरआजीकडं माणूस नाय.’ “गोजरआजीकडं कमी पडतंय! तरणी पोरं कुठं हायत? मॅचला झाडावर चढून बसता ना, आता धावा की!” अर्ध्या मिनिटानं कमेंट, ‘पोरं धावली.’

मी हसत होते आणि डोळे पुसत होते. ओमकारनं टोकावड्याच्या मागे पडलेली एक अख्खी वीज पकडली, झाडाच्या फांदीसारखी फुटलेली. असली वीज त्याला इतक्या दिवसांत मिळाली नव्हती. तर कमेंट काय? ‘कॅमेरा राहू दे, स्कोअर सांगा.’ ‘गोजरआजीचं किती राहिलं?’ दुबईहून कोणी लिहीत होता, ‘उचला रे उचला.’ मला शहरातल्या माणसांचा राग यायचा म्हणून मघाशी सांगितलं ना? त्या दुपारी तो गेला.

“माझ्या बहिणीचं?” मी विचारलं. “तिचं काय झालं ते लिहिलंय का दिशानं?”

नव्हतं लिहिलं. दिशाला ओट्यावरून आपलं खाचर दिसत नाही, ते ओढ्याच्या कडेला आहे.

टोकावडं दिसेनासं झालं. काचेवर पहिला थेंब पडला, रुपयाएवढा. मी गाडी वळवली.

आता पाऊस मागे आणि आम्ही पुढे. आरशात बघावं तर रस्ताच नाही, नुसती पांढरी भिंत. वाऱ्यानं सागाची पानं आमच्याबरोबर रस्त्यावर धावत होती. नवरा खिडकीतून मागे तोंड काढून ओरडत होता, “पाऊस माळशेज एंडकडून निघालेला हाय, धाबा ओलांडला, टेकाड चढतोय!” मी फाट्याला गाडी आत घातली. कच्चा रस्ता, खड्डे, गाडीतलं सगळं आपटतंय, आणि पाड्यात पोचलो तर काय? ऊन. लख्ख ऊन! आणि त्या उन्हात, सगळ्या शेतांवरून, भोंग्यातून माझ्याच नवऱ्याचा आवाज, “धाबा ओलांडला, टेकाड चढतोय!” तो माणूस माझ्या शेजारी बसलेला आणि त्याचा आवाज अजून मागून येतोय. त्यानं स्वतःच दचकून वर बघितलं.

खाचरं रिकामी होती. एकामागून एक, नुसती धसकटं. घरांच्या ओट्यांवर, मांडवांत, गुरांच्या गोठ्यात, जिथे जागा मिळेल तिथे भारे आणि वर ताडपत्र्या. मी गाडी ओढ्याकडे नेली आणि उडी मारून उतरले.

ताईच्या खाचरात काही नव्हतं. एक लोंबीसुद्धा नव्हती. बांधावरून ताई येत होती, डोक्यावर भारा, पदर खोचलेला, तोंडावर कुसळं चिकटलेली. पण भारा लाल कुसळांचा नव्हता. तो गोजरआजीचा होता. आपलं घरात टाकून ती दुसऱ्याचं उचलत होती.

तिनं मला बघितलं. मी तशीच उभी. इतक्या दिवसांनी बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची?

“बघत काय उभी?” ती म्हणाली. “पलीकडं चार राहिलेत. उचल.”

मी धावले. ओमकार धावला, कॅमेरा गळ्यात लटकत. ज्ञानेश्वर एका हातात माईक आणि एका खांद्यावर भारा घेऊन धावत होता आणि धावता धावता स्वतःचीच कॉमेंट्री करत होता. शेवटचा भारा गोजरआजीच्या पडवीत पडला, ताईनं ताडपत्रीचं टोक ओढलं आणि मागून टेकाडावरून पाऊस खाली कोसळला.

सगळा पाडा देवळात आणि पडव्यांत उभा होता. आजूबाजूला फक्त पाणी. धसकटांवर पडत होतं, बांधांवरून उड्या मारत होतं, पाहिजे तेवढं. माझा नवरा मारुतीच्या ओट्यावर चढला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “आणि पावसाला एकही भारा मिळाला नाय! वांजळेपाडा विजयी!” मग जो काही आरडाओरडा झाला! बायांनी ताटं वाजवली. पोरं पावसात उतरून नाचली. गोजरआजीनं ज्ञानेश्वरच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. मी ताईच्या घरात जाऊन बघून आले. माजघरात सुकी जमीन, त्यावर आईचं बियाणं, लाल कुसळं. मी एक लोंबी हातात घेतली, चावून बघितली. कोरडी, कडक.

बाहेर आले तर ज्ञानेश्वर परत माईकवर होता. “पाऊस पुढं निघाला! कल्याणकडे! पुढचं गाव सरळगाव! सरळगाव, उचलायला लागा!”

ओमकारनं फोन त्याच्यासमोर धरला. सरळगावच्या कमेंट होत्या. ‘इथं ऊन हाय.’ ‘मागच्या वेळेला पण हाच माणूस बोलला होता. लोकं भिजली.’ ‘वर का खाली ते ठरव आधी.’ ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला. एवढं जिंकून माणूस एका ओळीनं असा खाली बसतो, हे मी बघितलं आणि माझं मस्तक फिरलं. मी माईक घ्यायला हात पुढे केला.

माझ्या आधी ताईनं घेतला. केसांतून पाणी गळत होतं, दम लागला होता. तिनं तो माईक उलटा धरला होता, ओमकारनं सरळ करून दिला.

“सरळगाववाल्यांनो, मी वांजळेपाड्याची लहानी बोलते. मागच्या टायमाला ह्याच्यामुळं जी भिजली ना, ती मीच. माझ्यापेक्षा मोठा राग तुमच्यातल्या कोणाचा नाय. आजबी माझ्यावर ऊनच होतं. मी ह्याचं ऐकलं, नि माझं बियाणं आता घरात हाय, कोरडं हाय. हा माझा मेव्हणा हाय. हा सांगतो ते खरं हाय. उठा, उचला!”